भरलेली पोटरी

"मग ह्या हातांचं काय करू, वस्ताद?"

भैरूने हे विचारले तेव्हा तो तालमीच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. चपला काढून ठेवल्या होत्या, पण पाय आत टाकायचा धीर होत नव्हता.

बाबालाल वस्ताद कुस्तीच्या हौद्यात उकिडवे बसून मातीची ढेकळे फोडत होते. त्यांचा मुलगा शौकत गेल्यापासून तालीम बंद होती. मातीत तेल नाही, ताक नाही, ती पार कडक होऊन गेली होती.

वस्तादांनी मान वर केली नाही.

"आत ये. उन्हात उभं राहून इचारायची गोष्ट न्हाई ती."

"मी आत येनार न्हाई."

"मग ऱ्हा उन्हात."

वस्ताद असेच बोलत. गोड बोलणे त्यांच्या जिभेला मानवत नसे. त्यांची शिवी ज्याला पडे तो पोरगा दिवसभर खुशीत असे, कारण वस्तादांचे आपल्याकडे लक्ष आहे हे त्याला कळलेले असे. आज त्यांनी शिवीही दिली नाही. भैरूला तेच जास्त लागले.

हा भैरू म्हणजे तालमीतला सगळ्यात भारी पैलवान. त्याच्या पोटऱ्या बघायला जत्रेत माणसे थांबत. उभा राहिला की गुडघ्यामागून दोन उलटे नारळ बांधल्यासारखे दिसत. तोही काही कमी नव्हता. चिखल असो नसो, विजार गुडघ्यापर्यंत दुमडूनच गावातून फिरे.

पण त्याला खरा गर्व होता तो अंगठ्यांचा. पायात गोळा आला की माणसे त्याच्याकडे येत. भैरू तेल लावी, अंगठा रोवी आणि गोळा विरघळवून टाकी. "डाक्टरला पायातलं काय कळतंय?" असे तो उघड म्हणे आणि लोक माना डोलवत.

शौकतचा पाय त्यानेच चोळला होता.

"एकदा तोंडानं म्हना," भैरू म्हणाला. "भैरू, तू माझा पोरगा मारलास. येवढं म्हना. मग मी जातो."

"कुठं जातोस?"

"कोकनात. चिऱ्याच्या खानीवर मानसं पायजेत म्हनं."

"तिथं हात लागत न्हाईत व्हय?"

"तिथं दगड असत्यात, वस्ताद. दगडाला काय हुतंय..."

वस्तादांच्या हातातले ढेकूळ फुटले. त्यांनी दुसरे घेतले.

"आन मी न्हाई म्हटलं तर?"

"तर म्हना, भैरू, तू न्हाई मारलास."

"मग ऱ्हाशील?"

भैरूने काढून ठेवलेल्या चपलांकडे बघितले.

"न्हाई," तो म्हणाला. "तरीबी जाईन."

"मग माझ्या म्हनन्यानं काय फरक पडतोय, लेका?"

...

घडले ते असे होते.

गेल्या हंगामात कुस्ती खेळताना शौकतच्या नडगीचे हाड मोडले. पाय प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर कापले तेव्हा आतून जो पाय निघाला तो बघून शौकतच्या आईने तोंडाला पदर लावला. पोटरी म्हणून काही उरलेच नव्हते. वाळक्या दोडक्यासारखा पाय झाला होता.

वस्तादांनी काळा दोरा काढला. तालमीत पोटरी दोऱ्यानेच मोजत. चांगल्या पायाला दोरा गुंडाळला, तिथे गाठ मारली आणि तोच दोरा दुखऱ्या पायाला लावला. गाठीच्या अलीकडे केवढा तरी दोरा लोंबत राहिला.

"भरंल," वस्ताद म्हणाले. "पडून ऱ्हा. ताकद राखून ठेव. दूध-तूप खा. पोटरीचं काय घिऊन बसलास, खाटंवर पडल्या पडल्या भरंल."

आणि ती भरली.

थोड्याच दिवसांत पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तट्ट फुगला. कातडी चकाकायला लागली. हात लावला तर गरम लागे. वस्तादांनी दोरा लावला तो गाठीपर्यंत पुरला आणि दुसऱ्या दिवशी गाठीच्याही पलीकडे गेला.

तालमीत गूळ वाटला गेला. पोरांनी आरडाओरडा केला. पैलवानाची पोटरी परत भरणे म्हणजे त्या तालमीत घरी सून येण्याहून मोठी गोष्ट.

मोडलेला पाय धड पायापेक्षा जाड झाला होता. हे कसे, असे एकालाही वाटले नाही. पोटरी दंड-बैठकांनी भरते, चवड्यावर उभे राहून टाचा उचलल्या की भरते, मातीत भरते. खाटेवर पडून ती कुणाचीही भरलेली नाही. हे तिथले शेंबडे पोरही सांगू शकले असते. पण हवे ते समोर दिसले की आपण फार विचारत बसत नाही. त्या दिवशी सगळे गूळ खात होते.

शौकत मात्र म्हणाला, "भैरूदा, आत ठसठसतंय."

"नवं मास चढतंय, ठसठसनारच," भैरू म्हणाला. मग त्याने पोटरी चाचपली आणि खूश झाला. आत काहीतरी टणक हाताला लागले. "गोळा हाय. थांब, काढतो."

त्याने तेल आणले, बाह्या वर केल्या आणि अंगठा रोवला. घोट्यामागच्या धोंडशिरेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत, खालून वर, खालून वर, सगळा जीव लावून. शौकत त्याचा लाडका होता. दुसऱ्या कुणासाठी त्याने एवढी मेहनत घेतली नसती.

चोळून झाल्यावर शौकत पाणी प्यायला उठला. माठापर्यंत गेला. छातीवर हात ठेवला, भैरूकडे वळून बघितले आणि खाली बसला. जीप तालुक्याला पोचेपर्यंत सगळे संपलेले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला. मग हळूच विचारले, "हा पाय कुणी चोळला?"

"मी," भैरू म्हणाला. तोपर्यंत त्याला वाटत होते, निदान पाय तरी आपण मोकळा केला होता.

...

"माती द्यायला का आला न्हाईस?" वस्तादांनी विचारले.

"कुठल्या हातानं दिऊ, वस्ताद?"

"समदा गाव आला हुता. तू कब्रस्तानाच्या बाभळीमागं उभा हुतास. मी बघितलं."

भैरूने मान खाली घातली.

"तुझी मावशी, शौकतची आई, रोज इचारती. भैरू जेवाय का येत न्हाई म्हनून."

"तिला... तिला म्हाईत हाय का?"

"तिला सारं म्हाईत हाय. तरी इचारती."

भैरूने दाराच्या चौकटीला डोके टेकले. मोठा पैलवान तो, पण त्याचे खांदे लहान मुलासारखे हलत होते. वस्तादांनी त्याला रडू दिले. समजूत घातली नाही, थोपटले नाही. ढेकळे फोडायचे मात्र थांबवले.

मग म्हणाले, "आत ये आता. माझ्यानं वरडून बोलवत न्हाई."

भैरू आत आला. हौद्याच्या काठावर, जिथे तो एरवी ऐटीत मांडी घालून बसे, तिथे अवघडून टेकला. हात त्याने काखेत दाबून धरले होते.

"मी परत गेलो हुतो दवाखान्यात," वस्ताद म्हणाले.

"कशापायी?"

"त्या बाईला म्हटलं, बाई, मला पोटरी शिकवा."

भैरूने वर बघितले.

सगळ्या पंचक्रोशीच्या पोटऱ्या ज्यांच्या हाताखालून गेल्या, ते बाबालाल वस्ताद त्या दवाखान्यात बाकड्यावर बसून राहिले होते. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवलेली. पेशंट संपायची वाट बघत.

"हसली आसंल."

"न्हाई हसली. तक्त्यावरचं चित्र काढून हातात दिलं तिनं. खुर्चीबी दिली बसाय."

वस्तादांनी लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि आपला पाय लांब केला. एके काळी त्या पायाने भले भले लोळवले होते. आता पोटरीचे मांस सैल होऊन खाली उतरले होते आणि निळ्या शिरा वर आल्या होत्या.

"हे बघ. हितं वर मासाची दोन पोटं. आपल्याला म्हाईत असल्याली. तू लोकांस्नी दाखवत फिरतोस ती. त्येच्या खाली आनिक येक हाय, चपटं. ते दिसत न्हाई. उभं ऱ्हायचं काम ते करतं. तिन्ही खाली येऊन ह्या धोंडशिरंला मिळत्यात."

"व्हय."

"आन आत, मासाच्या मधनं, शिरा. त्या आपन कवा बघितल्या? हृदय वरनं रगत खाली धाडतं. पर पायातनं परत वर कोन न्हेतं? पोटरी न्हेती. पाऊल टाकलं की आवळती, रगत वर ढकलती. पाऊल थांबलं, की ते बी थांबतं."

वस्तादांनी आपल्या पोटरीवरून हात फिरवला.

"थांबलेलं रगत साकळतं. गुठळी हुती. बाईनं प्लास्टर काढताना मला सांगितलं हुतं. बोटं हलवू द्या, पाय हलवू द्या, आधार दिऊन चालवा. मी म्हटलं, हिला काय कळतंय. आन घरी यून त्येला सांगितलं, पडून ऱ्हा."

बाहेर कुणाच्या तरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

भैरूच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. बुडणाऱ्याला काठ दिसावा तसे.

"म्हंजे... गुठळी आदीच झाली हुती? माझ्या अंगठ्यानं न्हवं?"

"आदीच झाली हुती."

"मग मी..."

"तुझ्या अंगठ्यानं ती जाग्यावरनं हालली. वर गेली. फुफ्फुसात बसली."

काठ पुन्हा नाहीसा झाला.

"मग चूक कुनाची, वस्ताद?" भैरूने जवळजवळ ओरडून विचारले. "तुमची का माझी? निम्मी निम्मी?"

"वाटून घ्यायला आलास व्हय रं?" वस्ताद म्हणाले. "घी. किती पायजे तेवढी घी. माझी कमी हुत न्हाई."



वस्तादांनी कोनाड्यातली तेलाची वाटी ओढली आणि भैरूच्या समोर ठेवली. पाय तसाच लांब केलेला होता.

"चेप."

भैरू दचकून मागे सरला. काखेतले हात त्याने आणखी घट्ट दाबले.

"न्हाई."

"चेप म्हटलं."

"वस्ताद, पाया पडतो. दुसरं कायबी सांगा. ह्यो हौदा येकटा उकरतो. जन्मभर तुमच्या दारात झाडलोट करतो. ह्ये नगा सांगू."

"बाईनं माझा पाय तपासलाय. गुठळी न्हाई. रगत सुरू ऱ्हायला चालत ऱ्हावा, हलक्या हातानं चोळून घ्या, म्हनली. घरात कोन हाय चोळायला?"

"दुसऱ्या कुनाला बोलवतो."

"दुसऱ्याला बोलवायचं असतं तर तुला कशाला आत घेतला?"

"माझा हात जड हाय, वस्ताद! तुमास्नी म्हाईत हाय!" भैरू आता उभा राहिला होता. "ह्या अंगठ्याखाली शौक्याचा... त्यो टावेल दातात धरून पडला हुता. हूं का चूं केलं न्हाई त्यानं. मला वाटलं, बरं वाटतंय त्येला. मी आनिक जोर लावला..."

तालमीची तशी रीतच होती. चेपून घेताना टॉवेल दातात धरायचा आणि आवाज काढायचा नाही. 'दुखतंय' म्हणणाऱ्या पोराला बाबालाल वस्ताद दुसऱ्या दिवशी हौद्यात उतरू देत नसत.

"बरं वाटत न्हवतं त्येला," वस्ताद म्हणाले.

"तुमास्नी काय म्हाईत?"

 वस्तादांनी पायावरची माती झटकली. नसलेली मातीही झटकली.

"मी दारात हुतो," ते म्हणाले.

"कवा?"

"तवाच. तू चोळत हुतास तवा. तू खाली बघत हुतास, पायाकडं. तुला त्येचं तोंड दिसत न्हवतं. मला दिसत हुतं. डोळ्यातनं पानी चाललं हुतं त्येच्या. कानापत्तर."

भैरू बघतच राहिला.

"मग तुमी... तुमी थांबवलं न्हाई मला?"

"न्हाई."

"का?"

"मला बरं वाटलं," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज आता कसातरीच येत होता. "येवढं दुखतंय तरी आवाज काढत न्हाई... पोरगा पैलवान झाला म्हनून मला बरं वाटलं, भैरू. मी तसाच माघारी फिरलो. तुझ्या मावशीला सांगाय गेलो."

...



इतके दिवस भैरूला वाटत होते की, ह्या जगात आपल्याएवढे ओझे कुणाच्या माथ्यावर नाही. ते बोलून दाखवायला, मिरवायलाच म्हणा ना, तो इथवर आला होता. समोर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघताना त्याला आपल्या त्या विचाराची लाज वाटली.

तो खाली बसला. काखेतून हात बाहेर काढले.  वाटीत बोटे बुडवली तर तेल बाहेर सांडले.

वस्तादांनी सवयीने खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि तोंडापर्यंत नेला.

मग थांबले. टॉवेलकडे बघितले आणि तो बाजूला मातीत ठेवून दिला.

भैरूने दोन्ही तळवे त्या सैल, निळ्या शिरांच्या पोटरीवर ठेवले. नुसते ठेवले. अंगठे वर उचलून धरले होते, पायाला लागू नयेत म्हणून. हाताखाली पाय उबदार होता. माणसाचा पाय उबदार असतो हे आपल्याला आजवर कधी जाणवलेच नाही, असे त्याला वाटले.

त्याने तळवे वर सरकवले. अगदी हळू. घोट्यापासून लवणीपर्यंत. लवणीपाशी आला आणि त्याचे हात थांबले. पुढे काय करायचे असते तेच त्याला आठवेना. ज्याच्याकडे माणसे आपणहून पाय घेऊन येत, तो भैरू पैलवान म्हाताऱ्याची पोटरी हातात धरून गोंधळून बसला होता.

शेवटी त्याने मान वर केली. पहिल्यांदाच पायाकडून नजर काढून तोंडाकडे बघितले.

"वस्ताद..." तो म्हणाला. "दुखतंय का?"

बाबालाल वस्तादांची हनुवटी हलली. डोळ्यांतून पाणी आले आणि पांढऱ्या दाढीत शिरले. त्यांनी ते पुसले नाही. 

"त्येला सांगायला शिकवलं न्हाई मी..." वस्ताद म्हणाले. "आन तुला इचारायला."